ठिपका लावून घ्या

भुरी कुत्री चावीवाल्यांना चावली, त्या दुपारी आपण त्यांना काय सांगितलं हे मामांना पुढे शब्दन् शब्द आठवत राहिलं. विसरावंसं वाटतं तेच नेमकं डोक्यात घर करून बसतं.

चावा म्हणावा असा तो चावाही नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी दोन दात उमटले होते आणि रक्ताचे चार थेंब आले होते. चावीवाले दुकानाच्या पायरीवर बसून हात झटकत होते.

"ऊठ म्हटलं तर अंगावरच आली," ते म्हणाले. "एरवी किती गरीब आहे. आत्ताच तुमच्या कुत्र्याशी, साहेबाशीही भांडून आली."

"कपाळावर ठिपका होता का?" मामांनी विचारलं.

"होता की. हिरवागार."

"मग साबणाने हात धुवा आणि निवांत झोपा. ठिपकेवाल्या कुत्र्याला भ्यायचं नसतं."

नियम मामांना पाठ होता. ठिपका असो वा नसो, कुत्रं चावलं की माणसाने तडक माणसांच्या दवाखान्यात जायचं आणि लस घ्यायची. पण तो दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथे अर्धा दिवस रांग, आणि चावीवाल्यांचं दुकान एकट्याच्या जिवावर चाललेलं. शिवाय ठिपका मामांचा होता. स्वतःच्या हातावर भरवसा नसेल तर माणसाने काम तरी कशाला करावं? चावीवाल्यांनी हात धुतला, मामांना चहा पाजला आणि त्यांच्या कपाटाची अडणारी किल्ली तिथल्या तिथे घासून दिली. चार दिवसांनी भुरी गल्लीतून दिसेनाशी झाली. गेली असेल कुठेतरी, असं सगळे म्हणाले, आणि मामाही म्हणाले.

आता हे मामा कोणाचे मामा, हे विचारू नका. त्यांना सख्खा भाचा एकही नाही. जनावरांच्या दवाखान्यात ते कागदोपत्री मदतनीस, पण चार गल्ल्यांत त्यांची ओळख ठिपकेमामा हीच. वय चौपन्न, वजन पंच्याण्णव किलो, हाताचे पंजे फावड्याएवढे. तरी थोरली बहीण त्यांना अजून 'बारक्या' म्हणूनच हाक मारते. भावा-बहिणीचं दोघांचंच घर. ताई तरुणपणीच विधवा झालेली. मामांचं लग्न करायचं राहून गेलं, असं मामा सांगत. कोणी केलंच नाही, असं ताई सांगे.

वीस वर्षं मामांनी एकच काम केलं: मोकाट कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची. त्यांच्यासारखा हात सगळ्या शहरात नव्हता. पावाचा तुकडा पुढे करायचा, कुत्रं खाली वाकलं की खांद्यावरची सैल कातडी चिमटीत धरायची, आणि सुई आत जाऊन बाहेर. सिरिंज त्यांच्या पंज्यात अशी दडायची की बघणाऱ्याला ती दिसायचीच नाही. डाव्या हातात असायची मेणाची हिरवी कांडी. लस टोचली रे टोचली की त्या कांडीने कपाळावर ठिपका. लस झालेलं कुत्रं ओळखू यावं, एकाच कुत्र्याला दोनदा टोचू नये, एवढाच त्या ठिपक्याचा उपयोग. पण लोकांना दिसायचा तो ठिपकाच. कुत्र्यालासुद्धा सुई कळत नाही, असं मामा छाती फुगवून सांगायचे, आणि ते खरंच होतं.

सुरुवातीच्या वर्षी ते गल्लीगल्लीत ओरडत, "सुई टोचून घ्या हो." की दारं धडाधड बंद. पोरं कुत्र्यांना कॉटखाली दडवत. एका म्हातारीने तर आपल्या कुत्र्याला कपड्यांच्या कपाटात कोंडलं होतं. मग मामांना अक्कल सुचली. पुढच्या वर्षापासून त्यांनी 'सुई' हा शब्दच टाकून दिला. "ठिपका लावून घ्या," ते म्हणू लागले. ठिपक्याला कोण भिणार? लोक स्वतःहून कुत्री घेऊन येऊ लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही तसंच म्हणू लागल्या, भोंग्यावरही तेच वाजू लागलं. 'ठिपका लावून घ्या' आणि 'ठिपकेवाल्या कुत्र्याला भिऊ नका' ही दोन वाक्यं चार गल्ल्यांतल्या शेंबड्या पोरालाही पाठ झाली. मामांना त्या अकलेचा फार अभिमान होता.

ताईचं इस्त्रीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. दिवसभर ती टेबलाशी उभी, आणि टेबलाखाली साहेब. साहेब म्हणजे एक तांबूस कुत्रा. काडीचं काम करायचं नाही, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे नुसतं बघायचं, म्हणून ते नाव. मामांच्या गणवेशाच्या खिशात कांड्यांचे उरलेले तुकडे राहून जात. एकदा त्यातलं मेण इस्त्रीखाली वितळलं आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर हिरवं तळं झालं. "खिसे रिकामे करून देत जा रे," ताई तेव्हापासून रोज करवादायची. मामा रोज विसरायचे. ती मुकाट्याने तुकडे काढायची आणि बटणांच्या डब्यात टाकायची. टाकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

यंदाची मोहीम गल्लीत आली त्या दिवशी साहेब नेमका उंडारायला गेलेला. संध्याकाळी मामा दमून घरी आले, तर स्वारी टेबलाखाली हजर आणि कपाळावर ठळक हिरवा ठिपका.

"वा, साहेबांनीही ठिपका घेतला वाटतं," मामा म्हणाले. मागच्या बोळात डॉक्टरीणबाई फिरत होत्या. त्यांनी गाठला असेल, असं मामा धरून चालले. ताई शर्टाची कॉलर दाबत गालातल्या गालात हसली. मामांनी पाय पसरले आणि चहा मागितला.

मोहिमेनंतर आठवड्याने मोजणी असते. पहाटे फिरायचं, किती कुत्री दिसली आणि त्यातल्या किती जणांच्या कपाळावर ठिपका आहे ते लिहायचं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस पोचली की रोगाला एकाकडून दुसऱ्याकडे सरकायला वाट उरत नाही. सत्तरच्या खाली गेलं की वाट सापडते. यंदा कुत्री भरली दोनशे दहा आणि ठिपके एकशे त्रेसष्ट. सत्तरच्या चांगलेच वर. पण डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मामा, बाटल्या तर चौदाच संपल्या. एका बाटलीत दहा सुया. म्हणजे एकशे चाळीस. हे वरचे तेवीस कुठून आले?"

"बाई, ठिपक्यांना पिल्लं झाली असतील," मामा म्हणाले.

बाई हसल्या. मामाही हसले. त्या दोघांच्या हसण्यात ते तेवीस कुत्रे निघून गेले. मोजताना चूक झाली असेल म्हणून बाईंनी कागद वर पाठवला, आणि वरून शाबासकीचं पत्र आलं. ते दवाखान्याच्या भिंतीवर डकवलं गेलं. शेजारीच एक जुना तक्ता होता, उन्हाने पिवळा पडलेला. त्यावर जबडा लोंबलेल्या कुत्र्याचं चित्र, आणि खाली लिहिलेलं: 'प्रत्येक पिसाळलेलं कुत्रं धावून येत नाही. काही गप्प बसतात. घशात हाड अडकल्यासारखं दिसलं तरी तोंडात हात घालू नका.' वीस वर्षं मामा त्या तक्त्याखाली छत्री अडकवत होते.

मोहिमेनंतर दुसऱ्या आठवड्यात भुरी चावीवाल्यांना चावली. आणि सातव्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, साहेबाने पाव खाल्ला नाही.

पाव त्याच्या पुढ्यात तसाच पडून राहिला. साहेब टेबलाखाली अंग चोरून बसलेला, खालचा जबडा ढिला पडून लोंबलेला, लाळेची तार फरशीपर्यंत. ताईने पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. त्याने तोंड घातलं, पण पाणी आत जाईना.

"बारक्या, इकडे ये जरा," ताई म्हणाली. "ह्याच्या घशात हाड अडकलंय बघ."

मामा आले, वाकले, आणि तसेच थबकले. हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. कुठे, ते आठवायच्या आधीच नजर साहेबाच्या कपाळावर गेली. ठिपका होता. हिरवागार. मामांनी सुटकेचा श्वास टाकला.

"थांब, मी जबडा धरतो," ते म्हणाले.

त्यांनी दोन्ही हातांनी जबडा फाकवला. त्यांचा पंजा काही त्या घशात मावणार नव्हता. ताईचा हात बारीक. त्या हाताच्या मधल्या बोटावर आदल्याच दिवशी इस्त्रीचा चटका बसलेला, फोड फुटून लाल मांस दिसत होतं. तो हात मनगटापर्यंत आत गेला. साहेब विरोध करीत नव्हता. नुसता बघत होता, आणि घशातून घोगरा, कोणा दुसऱ्याच कुत्र्याचा वाटावा असा आवाज येत होता.

"काही लागत नाही रे हाताला," ताई म्हणाली.

"नीट बघ. मागच्या बाजूला."

तिने नीट बघितलं. मग हात पदराला पुसला आणि इस्त्री उचलली, कारण दुपारपर्यंत चौदा शर्ट द्यायचे होते.

मामांना स्वतःला नोकरीतली गरज म्हणून वेळोवेळी लस टोचलेली होती. ताईला कधीच नाही. तिला कशाला लागते, ती तर इस्त्रीवाली.

बुधवारी साहेबाचे मागचे पाय गेले. मामांनी दवाखान्यात बाईंना सांगायचं ठरवलं, पण बाई गावाबाहेर गोठ्यांच्या कामावर गेल्या होत्या आणि शुक्रवारी येणार होत्या. साहेबाला ठिपका होता, घाई कसली? असं ते स्वतःशी म्हणाले. दोन रात्री त्यांना झोप मात्र नीट लागली नाही.

शुक्रवारी सकाळी साहेब टेबलाखालीच मेला. ताई डोळे पुसत जुन्या चादरीचा तुकडा घेऊन आली. मामांनी साहेबाला त्यात घेतलं आणि जाता जाता त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला.

अंगठा हिरवा झाला.

मामा अंगठ्याकडे बघत राहिले. सात आठवड्यांचा ठिपका बोटाला लागत नाही. मेणाची कांडी ती. ऊन, धूळ आणि कुत्र्याचं लोळणं यांत चौथ्या आठवड्यापर्यंत तिचा मागमूस राहत नाही. गल्लीतल्या एकाही कुत्र्याच्या कपाळावर आता ठिपका नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं आणि तरीही मंगळवारी त्यांनी ह्याच ठिपक्याकडे बघून सुटकेचा श्वास टाकला होता.

"ताई," ते म्हणाले, "साहेबाला ठिपका कोणी लावला?"

"मीच. दर शुक्रवारी लावते. आज राहिलाच बघ."

"आणि पहिला?"

"तोही मीच. तू गल्लीत आलास त्या दिवशी हा कुठे गेला होता कोण जाणे. तू दमून आलेलास. तुझ्या कांड्यांचे तुकडे डब्यात पडलेच होते. म्हटलं, ह्याच्यासाठी कशाला तुझी पाठ मोडायची?"

"दर शुक्रवारी कशाला?"

"अरे, उडून जातं ना ते. औषध उडून गेल्यावर काय उपयोग?"

मामांनी साहेबाला खाली ठेवलं. "औषध कुठे असतं, ताई?"

ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी पाढा चुकल्यावर पाहायची. "ठिपक्यात," ती म्हणाली. "तूच तर सांगतोस सगळ्यांना."

पुढे तिने आपणहून सांगितलं. मागच्या बोळातली काही कुत्री हाताला लागत नाहीत म्हणून मामा कुरकुरत होते. तिने दुपारी पाव नेऊन त्यांनाही ठिपके लावले. वीस-बावीस असतील. शेजारणी म्हणाल्या, ताई, आमच्याही दाराशी एक असतं, त्यालाही लावा. मोजणीत मामांना शाबासकी मिळाली तेव्हा तिला इतका आनंद झाला होता. सांगितलं नाही, कारण भावाच्या कामात लुडबुड केली म्हणून तो रागावेल असं वाटलं.

"तुझं काम हलकं केलं रे," ती म्हणाली. मग भावाचा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला. "बारक्या, काय झालं?"

ठिपक्यांना पिल्लं झाली होती. मामांनी तेव्हा विनोद केला होता आणि तो तंतोतंत खरा निघाला. एकशे त्रेसष्टातून तेवीस वजा केले की दोनशे दहाचे सत्तर टक्के भरत नाहीत, एवढा हिशोब त्यांना तिथे उभ्या उभ्या सुचला. रोगाला वाट सापडली होती, आणि ती ताईच्या टेबलाखालून गेली होती.

त्यांनी ताईला नळाशी नेलं. तिचा हात साबणाने चोळचोळ चोळला, पंधरा मिनिटं, फोडाच्या जागी जरा जास्त, जणू तीन दिवस मागे जाता येणार होतं. चोळता चोळता ते सांगत गेले: ठिपक्यात काही नसतं. औषध सुईत असतं. सुई मी लपवतो. साहेब बहुतेक पिसाळून मेला, आणि तुझा हात त्याच्या लाळेत होता.

त्यांनी बाईंना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

"साहेबाला आता हात लावू नका, मी येते. तपासणीला पाठवावं लागेल," त्या म्हणाल्या. "ताईंना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. लसही द्यायला सांगा, आणि जखमेत भरायचं ते तयार प्रतिपिंडांचं औषधही. उशीर झालाय मामा, पण वेळ गेलेली नाही. माणसात रोग वर चढायला आठवडे लागतात. लक्षणं दिसायच्या आत सुई मिळाली तर माणूस वाचतो."

"आणि लक्षणं दिसल्यावर?"

"तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

माहीत होतं. फोन ठेवला आणि त्याच क्षणी मामांना अंगठ्याच्या मुळाशी उमटलेले दोन दात आठवले.

"ताई, भुरीला ठिपका कोणी लावला होता?"

"तीही मागच्या बोळातलीच ना," ताई हळूच म्हणाली. "अंगाला हात लावू देईना. पाव टाकला, तेव्हा कुठे जमलं."

चावीवाल्यांचं दुकान चार दारं सोडून पुढे. मामा धावले. पंच्याण्णव किलोचा माणूस धावतो म्हणून गल्ली हसली. दुकान बंद होतं. दाराला लहान-मोठी तीन कुलपं. चावीवाल्यांची ती नेहमीची गंमत होती. शेजारचा चांभार म्हणाला, "कालपासून नाही उघडलं. हाताला मुंग्या येतात म्हणत होते, ताप होता."

मामांनी एक गाडी थांबवली, ताईला आत बसवलं आणि गाडी आधी चावीवाल्यांच्या घराकडे वळवली. वाटेतच होतं ते. ताईला म्हणाले, तू बसून राहा. ती बसली नाही.

दार चावीवाल्यांच्या बायकोने उघडलं. तिच्या हातात पाण्याचा पेला होता, काठोकाठ भरलेला.

"बरं झालं तुम्ही आलात, मामा," ती म्हणाली. "सकाळपासून घोटभर पाणी घेतलेलं नाही. घशात काहीतरी अडकलंय म्हणतात. पेला नुसता जवळ नेला तरी अंग झटकतात. तुम्ही बघता का जरा?"

आतल्या खोलीत पडदे लावलेले. चावीवाले भिंतीला टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर उताणा टाकलेला. अंगठ्याच्या मुळाशी दोन पांढरे वण होते. डोळे फार मोठे दिसत होते. मामांना बघून ते कसंबसं हसले. दार उघडल्याने वाऱ्याची झुळूक आली तसा त्यांचा गळा आवळल्यासारखा झाला आणि सारं अंग शहारून गेलं.

"वहिनी, पेला बाहेर न्या," मामा म्हणाले.

वहिनी गेल्यावर चावीवाले थांबत थांबत बोलू लागले. "तुम्ही उगाच... तोंड पाडू नका, मामा. ते कुत्र्याचं नाही हे. सर्दीचं असेल. तिला ठिपका होता. हिरवागार. मी स्वतः पाहिला."

मामांच्या मागे ताई उभी होती. तिने श्वास आत ओढलेला त्यांनी ऐकला. तिचे शब्द ओठांवर आलेच होते. मामांनी मागे न बघता हात नेऊन तिचं मनगट घट्ट धरलं.

"होता," ते म्हणाले. "माझाच ठिपका होता."

चावीवाल्यांनी समाधानाने मान डोलावली आणि डोळे मिटले.

बाहेर येऊन मामांनी वहिनींना जेवढं सांगायलाच हवं तेवढं सांगितलं. यांना आमच्याच गाडीतून न्यायचं, पाणी दाखवायचं नाही, यांची लाळ कोणाला लागली असेल तर त्यानेही आज सुई घ्यायची. वहिनी विचारत राहिल्या, पण बरे होतील ना? मामा चपला शोधत राहिले. मग गाडीवाल्याने आणि मामांनी मिळून चावीवाल्यांना चादरीत गुंडाळून मागच्या बाकावर बसवलं, वहिनी त्यांच्याशेजारी बसल्या, आणि गाडीच्या काचा वर केल्या.

ताई अजून रस्त्यातच उभी होती. साबणाने पांढरा पडलेला हात तिने स्वतःपासून लांब धरला होता. समोरच्या पायरीवर एक काळं कुत्रं झोपलं होतं. त्याचं कपाळ कोरं होतं, आणि ते एकशे चाळीसातलं की तेवीसातलं हे आता जगात कोणालाच सांगता येणार नव्हतं.

"मी लावलेलं म्हणून सांगायचं होतं मला," ती म्हणाली. "तू का नाही बोलू दिलंस?"

मामांनी पुढचं दार उघडून धरलं.

"चल, ताई," ते म्हणाले. "सुई टोचून घ्यायची आहे."